जेद्दा: बलदला जायचं तर असरनंतरच

उमरा, म्हणजे मक्केची यात्रा, करून दोन दिवस सौदीतल्या जेद्दात राहिलो. अम्मीला भर दुपारी बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, नेलं, ही माझी चूक. निम्मी दुकानं बंद, त्यात घामाने जीव नकोसा. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर मात्र गल्ल्या जाग्या होतात. प्रवाळाच्या दगडांची उंच घरं, त्यांना लाकडी जाळीचे सज्जे, त्यांना इथे रोशन म्हणतात. 2014 पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. नसीफ वाड्यापुढचा जुना कडुनिंब बघून अम्मी म्हणाली, "हा तर आपल्या सोलापूरचा!" आणि तिथेच बसली.

अलवी बाजारात ऊद (सुगंधी लाकूड), बखूर (धूप), खजूर घ्या, पण घासाघीस करा. एकाने मला अव्वाच्या सव्वा भाव सांगितला. अम्मी उठून चालू लागली तसा निम्म्यावर आला.

जेवायला अल बैक. 1974 सालापासूनचं, मूळ जेद्दाचंच. ब्रोस्ट, म्हणजे दाबाखाली तळलेली, कोंबडी कुरकुरीत, आत रसरशीत, पण खरी जान लसणाच्या पांढऱ्या सॉसमध्ये. दोन पुड्या जास्त मागा. डबा घेऊन कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, बसलो. समोर किंग फहद कारंजं, समुद्राचंच पाणी अडीचशे मीटरच्या वर उडवणारं. अम्मीचं लक्ष मात्र शेवटच्या पुडीवर.