जुनी उघडी एमजीबी: आधी सस्पेन्शन की आधी सिल?

एमजीबी रोडस्टर, म्हणजे पत्र्याचं छप्पर नसलेली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. गाडी वळणावर कलते, खड्ड्यात गेली की सगळं अंग थरथरतं, आणि हाताशी पैसे एकाच मोठ्या कामापुरते असतात. मग ते ताठ स्प्रिंग, टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बर आणि पॉलियुरेथेनच्या बुशांवर (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या गाद्यांवर) घालायचे, की गाडी उभी करून सिल, म्हणजे दाराखालचा लांब पत्र्याचा भाग, कापून सांगाडा भक्कम करायचा? मी दोन्ही केलं, पण उलट्या क्रमाने. त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, हे आधीच सांगतो.

सस्पेन्शनच्या बाजूने बरंच बोलता येईल. पुढचे-मागचे स्प्रिंग, बुश आणि जाड अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) हे काम शनिवार-रविवारात उरकतं, रंगाला हात लागत नाही, आणि पहिल्याच वळणावर फरक कळतो. मी ३/४ इंची बार लावला तेव्हा गाडीचं लोळणं एकदम थांबलं, स्टेअरिंग दिलं की नाक लगेच वळायला लागलं. १९७४ च्या अखेरीपासूनच्या रबर बंपरवाल्या गाड्या तर कारखान्यातच एक-दीड इंच उंच केलेल्या, त्यांना याचा फायदा आणखी जास्त. पुढच्या टेलिस्कोपिक किटबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. या गाडीत लीव्हर आर्म डँपरचे (जुन्या पद्धतीच्या, हात असलेल्या शॉकॲब्सॉर्बरचे) हातच वरच्या विशबोनचं, म्हणजे चाकाला धरणाऱ्या दुव्याचं, काम करतात, म्हणून बऱ्याच किटमध्ये जुना डँपर जागच्या जागी ठेवून त्याला नुसता नवा सोबती जोडलेला असतो. जुन्याचं बेअरिंग झिजलेलं असेल तर तो ढिलेपणा तसाच राहतो.

पहिले दोन आठवडे मी खूष होतो. मग उजव्या कोपरामागे एक आवाज सुरू झाला. टक्. खड्डा आला की टक्, गतिरोधकावर तिरकं चाक चढलं की टक्-टक्. दाराचं लॉक ज्या पट्टीत अडकतं तिथून येत होता. पट्टी उघडून पाहिली तर तिच्यावर नखाएवढा भाग घासून आरशासारखा चकाकत होता. ग्रीस लावलं, दोन दिवसांत पुसलं गेलं. बिजागऱ्या सारख्या केल्या, दाराचं रबर बदललं, पट्टी एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर सरकवून पाहिली. दार बंद करताना कधी जड लागे, कधी हलकं, पण आवाज हटेना. जुन्या स्प्रिंगवर हा आवाज नव्हता, असला तरी कानाला कळण्याइतका नव्हता, म्हणूनच मी दारातच दोष शोधत बसलो.

शेवटी शेजारी बसलेल्या मित्राला गाडी चालवायला दिली, मी त्याच्या जागेवर बसलो आणि माझ्या बाजूच्या दाराच्या मागच्या कडेवर अंगठा असा धरला की अर्धा दारावर, अर्धा बॉडीवर. गाडी सावकाश खड्ड्यातून गेली आणि अंगठ्याखाली फट उघडली, मिटली. दोन पत्रे एकमेकांपासून सरकत होते. त्या क्षणी माझ्यापुरता प्रश्न सुटला.

कारण साधं आहे. आधीच्या एमजीए मॉडेलला स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) होती, १९६२ च्या एमजीबीला ती नाही. वर छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं ओझं मुख्यतः मधल्या बोगद्यावर (दोन सीटमधल्या पत्र्याच्या उंचवट्यावर) आणि दोन सिलांवर येतं. सिल म्हणजे बाहेरून दिसणारा पत्रा एवढंच नव्हे. आतला सिल, मधला उभा पडदा आणि खालची कॅसल रेल (तळाची पत्र्याची पट्टी) मिळून तो पेटीसारखा बनतो. यातला एक पत्रा जरी खालून गंजला तरी पेटी उघडी पडते. मग बॉडी स्वतःच एक स्प्रिंग होते, आणि तिला आवरायला कोणताही शॉकॲब्सॉर्बर नसतो. ताठ स्प्रिंग लावले की खड्ड्याचा मार चाकापाशी न जिरता तिच्याकडे जातो. माझ्या गाडीत बाहेरचा पत्रा नवाकोरा दिसत होता. तो कापला तेव्हा आतल्या पडद्याचा खालचा दोन बोटांचा भाग हाताने चुरडला गेला. आधी कोणीतरी गंजावरच नवा पत्रा चढवला होता.

या कामाचा त्रास मी लपवणार नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहते. सिलचा पत्रा पुढच्या आणि मागच्या विंगखाली (चाकावरच्या पत्र्याखाली) जातो. पुढची विंग बोल्टची असल्याने निघते, मागची वेल्डिंगची, तिचा खालचा भाग कापावा लागतो, म्हणजे रंग आलाच. एका वेळी एकच बाजू उघडायची, आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा दांडा वेल्ड करून घ्यायचा. हे ज्याने केलं नाही त्याच्या गाडीचं दार पुन्हा नीट बसलेलं मी पाहिलेलं नाही. सीटमागचा रोल बार लावून हे सगळं टाळता येईल असं काही जण म्हणतात. डोक्याच्या सुरक्षेसाठी तो जरूर लावा, पण दाराच्या चौकटीला त्याचा फारसा आधार मिळाल्याचं मला जाणवलं नाही.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच ताठ स्प्रिंगवर गाडी नेली. टक् गेलं. काचेच्या चौकटीचं थरथरणं गेलं, आरशात मागची गाडी स्पष्ट दिसायला लागली. आणि नवल म्हणजे तेच स्प्रिंग मऊ वाटू लागले. माझ्याकडे मोजमाप काही नाही, नुसता अंगठा आणि कान, तेव्हा तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

तुमची गाडी जीटी असेल, म्हणजे डोक्यावर पत्र्याचं छप्पर असेल, किंवा सिल उघडून तपासलेले असतील, तर बेलाशक सस्पेन्शनपासून सुरुवात करा. ट्रॅकवर नेणाऱ्यांचं गणितही निराळं. पण उघडी गाडी आणि सिलचा इतिहास माहीत नसेल, तर आधी एक तपासणी करा. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगच्या पुढच्या टोकाखाली जॅक लावून एक बाजू उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावा. घासलं, अडकलं किंवा फटीचा आकार बदलला, तर स्प्रिंगचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

मी पुढे ताठ स्प्रिंग काढून मूळचेच घातले. जाड बार तेवढा ठेवला. पुढच्या खालच्या विशबोनला पॉलियुरेथेनऐवजी जीटी व्ही८ चे (आठ सिलिंडरवाल्या एमजीबीचे) धातूच्या नळीवर बसवलेले रबरी बुश घातले. त्यांचे नट मात्र गाडी जॅकवर असताना आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोनदा दाबून सोडा आणि मग आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.