महाकाय भूचिन्हांसाठी विनाइलची बॅटल मॅट: चांगली, पण प्रमाण सांभाळा

टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळात नकाशा काढून सोंगट्या हलवायची, २४ बाय ३६ इंचांची, इंची चौकोनांची ही मॅट लढाईला उत्तम. जमिनीवर रेखलेलं, डोंगरावरून दिसणारं महाकाय चिन्ह काढायचं तर मात्र गणित आधी करा. नेहमीसारखा एक चौकोन खेळातल्या ५ फुटांचा धरला, तर पेरूमधल्या नाझ्का वाळवंटात जमिनीवर रेखलेल्या सुमारे ९३ मीटर (३०५ फूट) लांब हमिंगबर्ड पक्ष्याएवढी आकृती ६१ चौकोन खाते, मावतच नाही. १० फुटांचा धरा, ३१ चौकोनांत बसते.

पेन ओल्या फडक्याने पुसला जाणाराच हवा. व्हाइटबोर्ड मार्करची शाई विनाइलमध्ये मुरते, मग घासत बसा! लाल शाई तर योग्य पेनाचीही काही दिवसांत डाग धरते. चिन्ह काळ्यात काढा, खेळ संपताच पुसा. गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे कडा वर वळत नाहीत.