डीमार्क ‘नन’वर ठेवायचं की ‘रिजेक्ट’वर न्यायचं?

महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्याच्या ऑर्डरी, बिलं, बँकेचे तपशील, सगळं मेलवरच चालतं. मेल पोचवण्याची मूळ पद्धत १९८२ सालची. पाठवणारा खरा आहे का, हे तपासायची सोय तिच्यात नव्हतीच. म्हणून तुमचाच पत्ता लावून कुणीही तुमच्या ग्राहकाला ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं कळवू शकतो. पैसे ग्राहकाचे जातात आणि बोल लागतो तुम्हाला. हे रोखायला तुमच्या डोमेनला, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला, तीन गोष्टी लावता येतात: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क.

एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरची यादी, डीएनएसमध्ये म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये ठेवलेली. लावायला सोपं, पण मेल फॉरवर्ड झाला की बहुधा फेल होतं. शिवाय ते रिटर्न-पाथ, म्हणजे न पोचलेला मेल जिथे परत येतो तो पडद्यामागचा पत्ता तपासतं, वाचणाऱ्याला दिसणारा ‘फ्रॉम’ नाही. डीकिम मेलवर डिजिटल सही करतं. मजकुराला हात लागला नाही तर फॉरवर्ड होऊनही ती टिकते. एकच आधी जमणार असेल तर मी डीकिम घेईन. तरी भामटा स्वतःच्या डोमेनची सही लावून ‘फ्रॉम’मध्ये तुमचं नाव घालू शकतोच. ही फट बुजवतं डीमार्क: दोन्हींपैकी निदान एक पास हवं, आणि तेही ‘फ्रॉम’मधल्याच डोमेनसाठी.

खरा निर्णय इथे आहे: या तपासणीत फेल झालेल्या मेलचं काय करायचं, हे डीमार्कमध्ये तुम्हीच सांगायचं असतं. ‘नन’मध्ये (none, म्हणजे काहीच करू नका) फक्त रिपोर्ट येतात, खोटा मेल अडत नाही. रोज पाच हजारांवर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून डीमार्क बंधनकारक केलं. त्या नियमाला ‘नन’ चालतं, म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. ‘क्वारंटाइन’मध्ये मेल स्पॅममध्ये पडतो, पण अकाउंट्सवाले स्पॅम चाळून बिलं बाहेर काढतातच. ‘रिजेक्ट’मध्ये तो दारातूनच परत जातो. मुक्काम तिथेच हवा.

मात्र पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावू नका, तुमचीच बिलं अडकतील. आधी ‘नन’वर रिपोर्ट वाचा. पगाराच्या स्लिपा पाठवणारी सेवा, बिलिंगचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म, असे विसरलेले पाठवणारे त्यात सापडतात. प्रत्येकाचं डीकिम लावून घ्या, मग ‘क्वारंटाइन’, मग ‘रिजेक्ट’. ज्या डोमेनवरून मेल जातच नाही, त्याला आजच ‘रिजेक्ट’ लावा.

तुमचा मेल पास होतो का, हे जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडलं की दिसतं: तिन्हींसमोर पास किंवा फेल.

एका अक्षराच्या फरकाचं डोमेन किंवा हॅक झालेला मेलबॉक्स यांना मात्र डीमार्क अडवत नाही. त्यासाठी खातं बदलल्याचा कुठलाही मेल आला की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नव्हे. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.