रॉक नोम विझर्ड: जादू आणि यंत्रांचा मेळ कितपत जमतो?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या पात्र रंगवायच्या फाशांच्या खेळाच्या 2024च्या नियमांत रॉक नोम विझर्ड (यंत्रं बनवणाऱ्या बुटक्या जमातीतला जादूगार) निवडावा का? यंत्रवेडं पात्र हवं असेल तर नक्की. 2014च्या आवृत्तीत या नोमला एक चावीचं छोटं यंत्र बनवायला तासभर वेळ आणि 10 सोन्याची नाणी लागायची. आता 10 मिनिटं प्रेस्टिडिजिटेशन (छोट्या करामतींचा) मंत्र टाकला की काम होतं, खर्च शून्य.

एका वेळी 3 यंत्रं चालतात. कोणीही बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) वापरून हात लावला की यंत्र सुरू! मात्र यंत्र मंत्राचा कोणता परिणाम देईल, हे बनवतानाच ठरवावं लागतं: आग पेटवणारं यंत्र ती विझवत नाही. गडबड इथेच होते. शिवाय आयुष्य फक्त 8 तास, म्हणून रात्री बनवलेली यंत्रं सकाळपर्यंत मोडीत निघतात. सकाळी अर्धा तास काढून तिन्ही बनवा. यंत्रांचा आर्मर क्लास (वार चुकवण्याची क्षमता) 5 आणि हिट पॉइंट (जीव) 1, तेव्हा लढाईत त्यांच्यावर विसंबू नका.

खरा फायदा वेगळाच आहे. बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा या तिन्ही सेव्हिंग थ्रोंवर (बचावासाठी टाकायच्या फाशांवर) अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो, तोही जादूपुरता मर्यादित नाही. मन ताब्यात घेणाऱ्या मंत्रांपुढे हा नोम भक्कम उभा राहतो.

फाइंड फॅमिलियर या सोबती प्राणी बोलावणाऱ्या मंत्रातलं घुबड पितळी, चावीचं आहे असं डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारून खुशाल रंगवा, आकडे मात्र बदलू नका. पुढे फॅब्रिकेट (कच्च्या मालातून वस्तू घडवणारा मंत्र) मिळाला की कारागिरीला खरी धार येते. यंत्रांनीच लढायचं असेल तर विझर्डऐवजी आर्टिफिसर (जादुई कारागीर) हा वर्ग घ्या.