नवी मुंबईच्या हवेत गाडीला मेण लावावे की सिंथेटिक सीलंट?

गाडीच्या रंगावर मेण लावावे की सिंथेटिक सीलंट (म्हणजे पॉलिमर या कृत्रिम द्रव्यांचा संरक्षक थर), हे डब्यावरच्या मजकुरापेक्षा गाडी कुठे उभी राहते आणि तिला रोज कोण पुसते यावरच अधिक ठरते, असे माझे मत आहे. नेरुळमधल्या माझ्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर मधोमध चिकटपट्टी लावून, एका बाजूला कार्नोबा मेण आणि दुसऱ्या बाजूला सीलंट असे दोन्ही प्रकार पावसाळ्यापूर्वी शेजारी शेजारी लावून पाहिले, त्यातून ते बनले. दोन्ही बाजूंची पूर्वतयारी सारखीच होती: शॅम्पूने धुणे, क्ले बार (मातीसारखी मऊ वडी) फिरवून रुतलेली धूळ काढणे, मग हलके पॉलिश.

दिसण्याच्या बाबतीत मेण जिंकले, हे आधीच सांगून टाकतो. सोसायटीच्या तळघरातील ट्यूबलाइटखाली मेणाच्या बाजूचा निळा रंग अधिक खोल आणि ओलसर वाटत होता, तर सीलंटची बाजू काचेसारखी लख्ख, पण किंचित कोरडी दिसत होती. हा फरक गडद रंगावरच कळतो. आपल्याकडे पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांचाच भरणा आहे, आणि त्यांच्या मालकांनी केवळ झळाळीसाठी मेणाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पाऊस सुरू झाल्यावर मात्र चित्र पालटले. जूनमध्ये दोन्ही बाजूंवर पाण्याचे टपोरे मणी उभे राहत होते. जुलैच्या संततधारेनंतर मेणाच्या बाजूचे मणी पसरट झाले, पाणी चकत्यांसारखे साचू लागले, आणि गणपती येईपर्यंत त्या बाजूवर काही लावले होते असे कुणाला सांगूनही पटले नसते. सीलंटच्या बाजूवरून तेव्हाही पाणी झटकन ओघळत होते. नवरात्रात त्याचाही जोर ओसरला, पण पावसाळा त्याने काढला होता.

याचे कारण दोघांच्या घडणीत आहे. कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळणारे मेण असून ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. शुद्ध स्वरूपात ते इतके कडक असते की गाडीवर पसरवताच येत नाही, म्हणून त्यात तेले, द्रावके आणि इतर मऊ मेणे मिसळावी लागतात. डब्यावर 'शुद्ध कार्नोबा' असे लिहिलेले असले तरी ते बहुधा त्यातल्या कार्नोबापुरते खरे असते, अख्ख्या डब्याबद्दल नव्हे. मेग्वायर्ससारखी जुनी कंपनी आपल्या गोल्ड क्लास प्रकाराला 'कार्नोबा प्लस' म्हणते, कारण त्यात पॉलिमरही असतात. मेणाचे हे मऊ मिश्रण उन्हाने आणि साबणाने लवकर विरते. सीलंटमधले पॉलिमर मात्र सुकताना परस्परांना आणि पृष्ठभागाला घट्ट धरतात, त्यामुळे ते साबणाला अधिक दाद देत नाहीत. मेणाचे आयुष्य एरवी दीड-दोन महिन्यांचे आणि चांगल्या सीलंटचे चार ते सहा महिन्यांचे धरले जाते. सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात हे दोन्ही आकडे मी खालच्या टोकालाच धरतो.

हवामानापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे रोज सकाळी होणारी पुसापुशी. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांत एकच मुलगा एका बादलीत आणि एकाच फडक्याने ओळीने दहा-पंधरा गाड्या पुसतो. पहिल्या दोन गाड्यांनंतर त्या बादलीतल्या पाण्याचा रंग पाहिला तर पुढच्या गाड्यांवर काय घासले जात असेल याचा अंदाज येतो. घोडबंदर रस्त्यालगत बांधकामांची आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांची व ट्रकांची धूळ यात भर घालते. मेण किंवा सीलंट यांचा थर जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा), बहुधा त्याहूनही कमी, आणि त्याखालचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. त्यामुळे यांपैकी काहीही लावल्याने ओरखडे थांबतील ही अपेक्षा चुकीची आहे. असे फडके रोज फिरणार असेल तर मेणावर केलेला खर्च महिन्याभरात त्या बादलीत जातो. आमच्याकडच्या मुलाला मी पैसे तेवढेच ठेवून फक्त काचा पुसायला सांगितले. त्याला आधी वाटले की मी रागावलो आहे.

पाण्याचे मणी दिसले म्हणजे रंग सुरक्षित आहे, ही समजूतही तपासून घ्यावी. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी जड असेल तर उन्हात वाळणारा प्रत्येक मणी क्षारांचे एक गोल वळे मागे ठेवतो. मणी जितके ठसठशीत, तितके डागही ठसठशीत. या बाबतीत सीलंटची बाजू मेणाहून चांगली निघाली नाही. उपाय एकच, गाडी सावलीत धुवावी आणि मायक्रोफायबर कापडाने लगेच टिपून घ्यावी. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तसेच आहे. तिच्यातील आम्लाला दोन्ही थर थोडा वेळच रोखतात, आणि मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर ती दुपारभर राहिली तर खाली चट्टा उमटतोच.

नवी गाडी घेताना विक्रेते ज्याला 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणतात, त्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हे ३२७ अंशांना वितळणारे द्रव्य आहे. तव्यावर ते भट्टीच्या उष्णतेत बसवले जाते, आणि गाडीच्या रंगावर असे काही करता येत नाही. त्यामुळे त्या नावाखाली लावले जाते ते फार तर सीलंटच असते. तेच काम घरी एका संध्याकाळी होत असेल, तर त्यासाठी काही हजार रुपये का मोजावेत, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही. सिलिका असलेले हायब्रिड स्प्रे, म्हणजे फवारून पुसायचे सीलंट, मात्र घाईत असणाऱ्यांसाठी खरोखरच सोयीचे आहेत.

माझा कौल असा आहे: उघड्यावर उभी राहणारी, हलक्या रंगाची, रोजच्या धावपळीची गाडी असेल तर मे महिन्यात सीलंट लावावे आणि पाऊस गेल्यावर पुन्हा एकदा. गाडी गडद रंगाची आहे, छपराखाली उभी असते आणि मालक ती स्वतःच्या हाताने धुतो, अशा ठिकाणी दसऱ्याच्या सुमारास सीलंटवर मेणाचा एक हात द्यावा. क्रम मात्र उलटा करू नये, कारण मेणातील तेलकटपणामुळे सीलंटला पकड मिळत नाही. सीलंट थंड पत्र्यावर, म्हणजे सूर्यास्तानंतर लावावे आणि त्यानंतर निदान बारा तास त्यावर पाण्याचा थेंब पडू देऊ नये. वळवाच्या दिवसांत ढग पाहूनच हात घालावा. थर जितका पातळ, तितका बरा, कारण जादा लावलेले सगळे फडक्यातच जाते. ४७३ मिलिलिटरची नेहमीची बाटली एका छोट्या गाडीला काही वर्षे सरत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी मिळून एक घेतली तरी पुरते.