नव्वदला स्टिअरिंग थरथरतंय: अलाइनमेंट, बॅलन्सिंग की रिम?

पुण्यात टायरवाल्याकडे ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ एका दमात म्हणतात आणि बिलातही दोन्ही जोडीनंच येतात. कामं मात्र वेगळी: अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर आतल्या कडेनं झिजतोय, तर अलाइनमेंट. तेही टायरॉडमध्ये (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, नसेल तरच. नाहीतर आज लावलेला कोन चार खड्ड्यांत जातो. शहरात गुळगुळीत चालणारी गाडी एक्स्प्रेस-वेवर ऐंशी ओलांडताच थरथरू लागली, तर अलाइनमेंटचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

१८५/६५ आर १५ टायर ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला साधारण १४ फेरे मारतो. रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असलं, तर तेव्हा चाकाला सुमारे साडेचार किलोचा हिसका बसतो. पन्नासला तोच पाव होतो, म्हणून गावात पत्ता लागत नाही. पावसाळ्यात रिमच्या आत वाळलेला चिखलही एवढा सहज भरतो. आधी तो खरवडा. कधीकधी तेवढ्यावरच भागतं.

मग बॅलन्सिंग. थरथर हातात येत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली येत असेल तर मागची. रिमवरची जुनी वजनं काढायला लावा, आणि नवी बसवल्यावर चाक पुन्हा फिरवून मशीनवर आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंना शून्य दिसतंय का ते उभं राहून बघा. ही दुसरी फेरी गर्दीत हमखास गाळली जाते.

शून्य आलं तरी थरथर तशीच? साधं मशीन वजन तोलतं, गोलाई नाही. मशीनवर फिरत्या चाकाच्या कडेजवळ पेनाचं टोक स्थिर धरा: फट मिलिमीटरभराहून जास्त कमी-जास्त होत असेल तर रिम किंवा टायर वाकडा. स्टीलची रिम ठोकून निघते. अलॉय किंचित वाकली असेल तर सरळ करता येते. चीर असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत न पडता बदलाच. टायरला फुगवटा दिसला तर त्याच दिवशी स्टेपनी लावा.

शंका उरलीच तर एकाच बाजूची पुढची-मागची चाकं अदलाबदल करा. थरथर हातातून सीटखाली गेली, तर दोष चाकातच आहे. जागची हलली नाही, तर टायरवाल्याकडून थेट मेकॅनिककडे जा: फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढून सोडताच जात असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) आतला जॉइंट तपासायला सांगा.