दहा मिनिटांची सरासरी आणि माझे 1,36,290 रुपये

घोडबंदर रोडवर आमची टॉवर क्रेनची कामं चालतात. पावसाळ्याआधी तीन क्रेनसाठी तीन अ‍ॅनिमोमीटर, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं घेतली, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या शेपटासकट. एक 38,500 ला. तिन्हींचे 1,15,500, वर जीएसटी 20,790. अ‍ॅडव्हान्स 81,774, उरलेले 54,516 माल आल्यावर चेकने. हिशोब पाठ झालाय, रोज रात्री तोच घोकतोय.

मी बावळट नाही हो. सतरा वर्षं क्रेनवर काढलीत. तीन कोटेशनं मागवली होती आणि हा विकणारा सगळ्यात स्वस्त नव्हता. तुर्भ्याचा पत्ता, पक्कं बिल, मोजमाप बरोबर असल्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, सगळं होतं.

एप्रिलमध्ये त्याच्या माणसाने गच्चीवर डेमो दिला. वारा पकडणाऱ्या वाट्या गरगर फिरतायत, डिस्प्लेवर 4.6 मीटर प्रति सेकंद. एका वाटीला सिमेंट लागलं होतं, पुसायला मी ती बोटाने धरली. फिरणं थांबलं. आकडा 4.6 च! म्हटलं, "अहो, हे थांबलंय की." तो हसला. "साहेब, दहा मिनिटांचा अ‍ॅव्हरेज आहे. हवामानवालेही असंच मोजतात."

मेख इथेच आहे, कारण ते खरं आहे. सरासरी वारा दहा मिनिटांचाच धरतात. पण क्रेनला मारतो तो झोत, सरासरी नाही, हे मी पोरांना शिकवतो! दहा मिनिटं वाटी धरून उभा राहिलो असतो तर तिथेच कळलं असतं. पण चहा आला होता.

जुलैत येऊरच्या डोंगराकडून असा वारा सुटला की ऑपरेटर स्वतःच काम थांबवून उतरला. मोकळी सोडलेली जिब, म्हणजे क्रेनचा आडवा हात, खाडीकडे वळून थरथरतेय, आमची मर्यादा 20 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 72 किलोमीटर, आणि डिस्प्ले म्हणतो 4.1. खोलून बघितलं तर दांड्याखाली फेऱ्या मोजायला ना चुंबक, ना त्याने चालणारा रीड स्विच. वायर नुसती गोंदाने चिकटवलेली.

सर्टिफिकेटवरच्या नंबरची लॅब एनएबीएलच्या, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, यादीत सापडली, पण ती तापमानाची उपकरणं तपासते. हे घ्यायच्या आधी बघा, माझ्यासारखं नंतर नाही. जीएसटी नंबरही पोर्टलवर टाकून बघा, त्याचा रद्द झालेला निघाला.

आमच्या पोलीस स्टेशनात म्हणाले, दुकान नवी मुंबईत, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे ठाण्यातून गेले, तिकडे जा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवायची ती झिरो एफआयआर म्हटलं तर साहेब जेवायला गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर माल मिळालाय ना, मग व्यवहाराचा वाद आहे म्हणे. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाला, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. मग मी कोण? एका हवालदाराने तर विचारलं, "वारा मोजून करायचं काय?"

वाटी धरा, घड्याळ लावा, आकडा शून्यावर आल्याशिवाय चेकवर सही करू नका. चहासुद्धा पिऊ नका.

एक संच साइट ऑफिसात पडलाय. परवा वायर कापून डिस्प्लेला नुसती वीज दिली. 4.3 दाखवतोय.